सशाचा खोटा टाहो

मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, जिलाँगला राहतो. पोटापाण्याचा उद्योग हिशेब तपासण्याचा. अधूनमधून एखाद्या शनिवारी रात्री मात्र विंचेल्सी आणि कोलॅकच्या मधल्या माळावर, एका ओळखीच्या मेंढपाळाच्या शेतात, कुंपणाच्या खांबाला पाठ टेकून मरणाऱ्या सशाचा आवाज काढत बसलेला असतो. पुण्याच्या नातेवाइकांना हे वाक्य फोनवर समजावून सांगायचं मी आता सोडून दिलंय.

एवढं सांगायला हवं, की इथला तांबडा कोल्हा मुळात इथला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज साहेबांनी घोड्यावरून पाठलाग करण्याची हौस भागवायला तो बोटीतून आणला आणि १८७०च्या दशकात तो रानात पक्का रुजला. खाण्याची सोय आधीच झालेली होती. १८५९ साली याच विंचेल्सीजवळच्या बार्वन पार्क इस्टेटीवर थॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थांनी ससे सोडले होते. आज देशभरात कोल्हे सुमारे १७ लाख असावेत, आणि इथले मूळचे छोटे प्राणी, पक्षी, सरडे मिळून ते वर्षाला ३० कोटींच्या आसपास जीव फस्त करतात, असा अंदाज आहे. त्यामुळे आपल्याकडच्या खोकडाचा हा भाऊबंद इथे कायद्याने उपद्रवी ठरलेला आहे. परवाना असेल आणि जमीनमालकाची परवानगी असेल, तर त्याला मारता येतं. आमची वाटणी सरळ आहे : बंदूक मेंढपाळाची, आवाज माझा.

या उद्योगात जे काही डोक्यात शिरलं, ते असं.

१. कोल्हा आवाजाला भुलून येत नाही, पडताळायला येतो.
मला वाटायचं, आवाज हुबेहूब आला की काम झालं. ससा ओरडला, कोल्ह्याने ऐकलं, कोल्हा धावत आला. प्रत्यक्षात तो कानाने बातमी ऐकतो आणि नाकाने तिची शहानिशा करतो. स्थळ सांगून आल्यावर मामा आधी गल्लीतल्या वाण्याकडे चौकशी करून मगच जिना चढतो, तसा हा आवाजाच्या भोवती मोठा वळसा घालतो आणि वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जाऊन उभा राहतो. तिथे सशाचा वास आला तर पुढे. माणसाचा, डिझेलचा, माझ्या जॅकेटला लागलेल्या फोडणीचा आला तर तसाच मागे. हे सगळं अंधारात आणि बिनबोभाट. तो आला होता हे आपल्याला कळतसुद्धा नाही. आपण घरी येऊन म्हणतो, आज कोल्हे नव्हते. मेंढपाळ पहिल्यापासून एकच सांगायचा, ‘आवाजाकडे बघत बसू नकोस, वास जिकडे जातोय तिकडे बघ.’ आम्ही आता जागा निवडतो ती वाऱ्यावरून. जिकडे आपला वास जाणार, तिकडे आडोसा नसलेलं मोकळं गवत हवं. म्हणजे वळसा घालताना त्याला उघड्यावर यावंच लागतं. मग आवाज जरा बेसूर असला तरी चालून जातं, हे माझ्यासारख्याला सोयीचंच आहे.

२. भोंग्याचा खरा फायदा आवाजात नाही, अंतरात आहे.
बॅटरीवर चालणाऱ्या, रिमोटवाल्या यंत्राला आमच्या घरात ‘भोंगा’ म्हणतात. घेतला तेव्हा मी त्यातले आवाज मोजत बसलो होतो. ससा, सशाचं पिल्लू, उंदीर, कोंबडी, कोकरू, कोल्हीण, भांडणारे कोल्हे आणि असे कितीतरी, ज्यांची नावं वाचूनही प्राणी डोळ्यांपुढे येत नाही. हौसेपायी एकामागून एक सगळे वाजवून पाहिले. त्या माळावर एका रात्रीत इतक्या जातींचे प्राणी एकाच खांबाशी मरायला आलेले कोल्ह्यांनी यापूर्वी कधी ऐकले नसतील. आता मी एक-दोनच वाजवतो. भोंग्याचं मोल वेगळं आहे. तो आपल्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर ठेवता येतो. कोल्ह्याचे डोळे आणि कान तिकडे लागतात आणि आपण बाजूला राहतो. हात हलला, गुडघा वाजला, खोकला आला तरी निभावतं. शिट्टी तोंडात असली, की जिथून आवाज येतो तिथेच माणूस बसलेला असतो, आणि येणारा नेमका त्याच्यावर नजर रोखून येतो.

३. तरीही शिट्टी शिकावी.
इथली प्रसिद्ध शिट्टी म्हणजे न्यू साउथ वेल्समधल्या टेंटरफील्ड गावाच्या नावाने ओळखली जाणारी पत्र्याची चकती. मधोमध दुमडलेली, दोन्ही पदरांतून आरपार भोक. जुनी माणसं डब्याच्या झाकणाचा पत्रा कापून ती घरीच करत. ओठ आणि दातांच्या मध्ये धरायची, जिभेने भोक जरा अडवायचं आणि हवा आत-बाहेर करायची. सांगायला दोन ओळी. पहिले काही आठवडे माझ्यातून फक्त लाळ आणि हवा बाहेर पडली. घरात सरावाला बंदी आली, म्हणून प्रिन्सेस हायवेवर गाडीत एकटा असताना वाजवायला लागलो. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायची आणि मी रेडिओ लावल्याचा अभिनय करायचो.

पण एकदा ती जमली, की भोंग्यात नसलेली गोष्ट हाती येते. कोल्हा थबकला की आवाज बारीक करता येतो. पाठ फिरवली की एक तुटका, हताश सूर काढून त्याला पुन्हा वळवता येतं. यंत्र आधी ठरलेलं बोलतं, शिट्टी समोरच्याला बघून बोलते. शिवाय माझा एक संशय आहे. कोल्ह्याचा कान साधारण ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो आणि वरच्या टोकाला ४८ किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो, असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. माणसाचा कान २०ला संपतो आणि आपली बहुतेक ध्वनिमुद्रणं माणसाच्या कानाच्या मापाने बेतलेली असतात. म्हणजे जो आवाज मला ‘अगदी खरा’ वाटतो, त्याचा वरचा अर्धा भाग कोल्ह्याच्या दृष्टीने कापलेलाच असणार. पत्र्याच्या चकतीला कुणी कापलेलं नसतं. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. भोंगा जिथे फसला तिथे शिट्टीला आलेले कोल्हे तेवढे बघितलेत.

४. हळू.
मोठ्याने वाजवायचा मोह सगळ्यांनाच होतो. शांत रात्री कोल्ह्याला गवतात उंदराची हालचाल ऐकू येते, त्याच्यापुढे पूर्ण आवाजात भोंगा लावणं म्हणजे त्याच्या कानात ओरडणं. आधी अगदी लहान आवाज, कारण तो शंभर पावलांवर आधीच बसलेला असू शकतो. मग लांब गप्प बसणं. या गप्प बसण्यातच बहुतेक कोल्हे येतात. जवळ आल्यावर तर यंत्र नको आणि शिट्टीही नको. स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून चुंबन घेतल्यासारखी चूकचूक केली की पुरते, हुबेहूब उंदीरच. इंग्लंडमधले लोक थर्माकोलचा तुकडा गाडीच्या ओल्या काचेवर घासूनही हाच आवाज काढतात. खर्च शून्य. भोंग्याची किंमत मी घरात अजून खरी सांगितलेली नाही.

५. बोलावणं एकाला जातं, येतात भलतेच.
सशाचा टाहो ही सबंध माळाला दिलेली दवंडी असते, याची मला कल्पनाच नव्हती. गाई येतात. अर्धगोल करून उभ्या राहतात आणि नाक फुरफुरवत भोंगा हुंगतात. घुबडं येतात, आवाज न करता डोक्यावरून जातात आणि टोपी सावरायला लावतात. पहाटे असेल तर मॅगपाय आणि कावळे. एकदा झाडाच्या फांदीवरून एक पॉसम आमच्याकडे इतक्या नाराजीने बघत होता, की आम्हीच उठलो.

यातल्या एका पाहुणीचे मात्र उपकार आहेत. इथे माळावर पिवळ्या गालांची एक टिटवी असते. आपल्या टिटवीच्याच कुळातली आणि रात्री-बेरात्री तशीच कर्कश बोंब ठोकणारी. लांब अंधारात ती ओरडली की तिथून काहीतरी चालत जातंय. थोड्या वेळाने दुसरी, जरा डावीकडे. मग तिसरी, आणखी डावीकडे. कोल्हा वळसा घालतोय आणि त्याचा रस्ता या बायका मोठ्याने वाचून दाखवतायत. लहानपणी टिटवी ओरडली की आजी अशुभ म्हणायची. कोल्ह्याच्या बाजूने विचार केला तर आजीचं काही चुकत नव्हतं.

६. चमकणारे डोळे म्हणजे कोल्हा नव्हे.
प्रकाशात कांगारूचे डोळे चमकतात, मेंढीचे चमकतात, शेजारच्या शेतावरच्या कुत्र्याचेही चमकतात. आणि कुत्रासुद्धा सशाच्या ओरडण्याला येतो. पूर्ण अंग दिसेपर्यंत आणि त्याच्या मागे काय आहे हे कळेपर्यंत मेंढपाळ बोट चापाकडे नेत नाही. कितीतरी वेळा त्याने बंदूक नुसती खाली ठेवली आहे. बोलावून आणण्याची एवढी खटपट करून मी बाजूला तडफडत असतो, आणि तो थर्मास उघडतो.

७. एकच आवाज, पण महिन्यागणिक त्याचा अर्थ बदलतो.
इथला फेब्रुवारी-मार्च म्हणजे उन्हाळ्याची अखेर. त्या मोसमातली पिल्लं घर सोडून बाहेर पडलेली असतात. भुकेली, अननुभवी, शहानिशा करायला अजून न शिकलेली. तेव्हा कुणीही काहीही वाजवावं. त्या दिवसांत मला स्वतःबद्दल फार चांगलं मत होतं.

जून-जुलैच्या थंडीत त्यांचा मिलनाचा हंगाम. तेव्हा सशाकडे ढुंकूनही न बघणारा नर कोल्हिणीच्या किंकाळीला सरळ चालत येतो. वासाची खातरजमा, वळसा, सगळं विसरून. जिम कॉर्बेटने १९३८ साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघाचा आवाज काढून बोलावलं होतं, हे शाळेत असताना वाचून मी थरारलो होतो. तेव्हा डोक्यात फक्त कॉर्बेटचं धाडस राहिलं. आता वाटतं, सगळ्या आयुष्यात सावध राहिलेला जीव ज्या एका गोष्टीसाठी सावधपणा बाजूला ठेवतो, नेमकी तीच गोष्ट आपण तोंडाने काढतो. मला कोल्हिणीचा आवाज वाजवायला आवडत नाही. वाजवतो, पण आवडत नाही.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर. गर्भारपणाच्या बावन्न-एक दिवसांनंतर बिळांत पिल्लं झालेली असतात, आणि माळावर कोकरांचे दिवस त्याच सुमारास. मेंढपाळाला गरज तेव्हाच सर्वांत जास्त. आवाजाला जी येते ती कित्येकदा पिल्लांना दूध पाजून आलेली असते. ते खाली वाकून बघितल्यावर कळतं. मेंढपाळ अशा वेळी बीळ शोधायला निघतो, मिळेपर्यंत परतत नाही. तिथे पुढे काय करतो ते मी लिहीत नाही. पण बीळ न शोधता घरी जाणं हे त्याहून वाईट, असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्याला मला उत्तर सापडलेलं नाही.

८. निसटलेला कोल्हा शहाणा होतो आणि शहाणपण वाया जात नाही.
नेम चुकला किंवा वास लागून तो परतला, की त्या शेतात तो आवाज त्या कोल्ह्यापुरता संपला. पुढच्या वेळी तो वाजला की तो उलट्या दिशेने चालू लागतो. इथल्या शेतांवर जो-तो एकाच बनावटीची यंत्रं घेऊन एकाच सशाची तीच ध्वनिफीत वाजवतो, त्यामुळे शहाण्यांची संख्या बरीच आहे. अशांसाठी मेंढपाळ मला म्हणतो, ‘तुझी ती फुटकी शिट्टी वाजव, तसा ससा कुणाकडेच नाही.’ ही स्तुती आहे असं मी धरून चाललोय.

९. तो टाहो कुणाचा तरी होता.
अमेरिकेत, टेक्ससमध्ये जॉनी स्ट्युअर्ट नावाच्या माणसाने गेल्या शतकात प्राण्यांच्या खऱ्या आर्ततेचे आवाज टिपून ते तबकड्यांवर विकायला सुरुवात केली. मग कॅसेट आल्या, मग चिप. भोंग्यातला ससा हाही कधीतरी, कुठेतरी, कुणाच्या तरी हातात खरोखर ओरडलेला ससा असतो. बटण दाबलं की तो पुन्हा ओरडतो, बरोबर त्याच जागी श्वास घेतो. पुष्कळ वेळा ऐकल्यावर तो श्वास पाठ होतो. माझी मुलगी लहान असताना एकदा बरोबर आली होती. पहिलाच टाहो ऐकून ती म्हणाली, ‘बाबा, त्याला सोडव ना.’ यंत्र आहे, खरा ससा नाही, हे मी तिला समजावलं. तिला ते पटलं. मला तेव्हापासून पूर्ण पटलेलं नाही. शिट्टीकडे मी जास्त वळलो त्यामागे हेही असावं. तिथला टाहो निदान माझ्याच फुफ्फुसांतून येतो.

१०. याने कोल्हे कमी होत नाहीत.
हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो. एक मारला की शेजारचा एखादा तरुण त्याच्या जागेवर येतो. जागा फार दिवस रिकामी राहत नाही. व्हिक्टोरिया सरकारने २०११ मध्ये कोल्ह्यामागे १० डॉलर बक्षीस सुरू केलं. लोकांना पैसे मिळाले आणि कोल्हेही राहिले. खरा परिणाम होतो तो मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी १०८० या विषाची आमिषं पुरली तर. त्यालाही मर्यादा आहेत आणि शेतावरच्या कुत्र्यांना धोका आहे. शिवाय कोकरं मरतात ती मुख्यतः थंडीने, उपासमारीने आणि आईपासून ताटातूट झाल्याने. कोल्ह्याचा वाटा त्यामानाने कमी, आणि त्याने ओढून नेलेली पुष्कळशी कोकरं आधीच मेलेली किंवा मरायला टेकलेली असतात. हे मी एकदा अभ्यासांचे दाखले देऊन मेंढपाळाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि जीभ-शेपूट खाल्लेलं एक जिवंत कोकरू मला दाखवलं. सरासरीचं गणित तिथे कामाचं नव्हतं. त्याला अख्ख्या व्हिक्टोरियातले कोल्हे संपवायचे नसतात. कोकरं पायांवर उभी राहीपर्यंत, तेवढे काही आठवडे, तेवढ्या एका कुंपणाच्या आत कोल्हा नको असतो. एवढ्यापुरता आमचा टाहो कामाचा आहे.

उलट्या तऱ्हेनेही आवाज वापरता येतो, हे मला वॉर्नम्बूलला कळलं. तिथे मिडल आयलंड नावाचं किनाऱ्याला लागून एक चिमुकलं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे पाण्यातून चालत जायचे. शेकड्यांनी असलेले छोटे पेंग्विन २००५ पर्यंत दहाच्या आत आले. २००६ पासून तिथे मारेम्मा जातीचे राखणीचे कुत्रे ठेवायला लागले, आणि पेंग्विन पुन्हा वाढले. कुत्र्यांनी कोल्ह्यांची शिकार करायची नव्हती. त्यांनी तिथे असायचं, भुंकायचं आणि आपला वास सोडायचा होता. कोल्हा इथेही पडताळून बघतो. बातमी खरी निघते आणि तो परत जातो. मेंढपाळाला मी असे कुत्रे घ्यायला सुचवलंय. तो म्हणतो, त्यांना रोज खायला लागतं, तुला फक्त कॉफी लागते.

११. ही विद्या घेऊन भारतात येणं अवघड आहे.
आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला. पण बोलावण्याचा मिटलेला नाही. मागे मे महिन्याच्या अखेरीस कोकणात उतरलो होतो. नवरंग आला होता, त्याची ती दोन सुरांची शीळ झाडीतून येत होती. आणि लगेच तीच शीळ दुसऱ्या बाजूने, तिसऱ्या बाजूने. बघतो तर पायवाटेवर कॅमेरे रोखलेली मंडळी आणि दगडावर ठेवलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो खाणं-घरटं सोडून त्याला हुसकावायला धावतो. तिथे कुणी नसतो. तो परत जातो, शीळ पुन्हा वाजते. आमच्या माळावर निदान थोड्या वेळात निकाल लागतो. इथे सकाळभर चाललं होतं.

मी त्यांच्यातल्या एका तरुणाशी बोललो. आवाज कमी ठेवा, एक-दोनदा वाजवून बंद करा, घरट्याच्या दिवसांत तर नकोच, वगैरे. त्याने नम्रपणे ऐकलं आणि विचारलं, ‘काका, तुम्हाला यातलं बरंच दिसतंय. तुम्ही पण बर्डिंग करता का?’

मी म्हटलं, ‘नाही, मी कोल्हे बोलावतो.’

‘वा! फोटो दाखवा ना,’ तो म्हणाला, आणि बाकीचेही कॅमेरे खाली करून माझ्याभोवती जमले.